क्रॉसला नारळ

“जरा सरक गा मिस्त्री. नारळाचं पानी क्रॉसवर पडलं पायजे, तुया पायावर नाई.”

दुर्गाप्रसाद मिस्त्री सरकला. मनिरामने ट्रॅक्टरच्या मागच्या लोखंडावर नारळ आपटला, पाणी उडवलं आणि हात जोडले. खळ्यावरच्या बायांनी हसू पदरात दाबलं. मंदाबाईने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

“आतावरी बैलाची पूजा पायली होती बाप्पा. आता जॉइंटची बी होऊन रायली.”

“बैल तीन साल न बसता चालते का वो मंदाबाई?” मनिराम म्हणाला. “हा चालला.”

ट्रॅक्टरच्या मागून एक दांडा निघतो, तो गरगर फिरतो आणि थ्रेशर फिरवतो. शेत काही टेबलासारखं सपाट नसतं, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना वळणारा सांधा असतो, आणि सांध्याच्या पोटात अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा. त्याला क्रॉस म्हणतात. वर्षभर काही बोलत नाही आणि ऐन मळणीत, आभाळ भरून आलं की तुटतो. धूळ आत शिरते, ग्रीस सुकतं, सुयांएवढी बेरिंगं झिजतात आणि कट्ट.

अर्जुनीच्या रस्त्यावर दुकान असलेल्या दुर्गाप्रसादने यावर तोड काढली होती. ट्रकची जुनी ट्यूब कापायची, सांध्यावर चढवायची, आत ठासून ग्रीस भरायचं, दोन्ही टोकं तारेने आवळायची. लोक त्याला ‘मिस्त्रीची बाही’ म्हणू लागले. बाही घातलेला क्रॉस तुटेना. अडचण एकच होती. दांड्यावर कंपनीचं पिवळं प्लॅस्टिकचं कव्हर येतं, ते बाहीवर बसत नसे, घासून वितळे. मग दुर्गाप्रसाद कव्हर काढून ठेवी. फेकायचं कसं, नवंकोरं असायचं, म्हणून दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला टांगी. आता ती भिंत पिवळी झाली होती. डॉक्टर डिग्र्या दाखवतो तशी तो ती नव्या गिऱ्हाइकाला दाखवत असे.

कव्हर कशासाठी असतं, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही नाही.

मनिरामच्या पुतण्याने, गुड्डूने, मशीन सुरू केली. भुसा उडाला, आवाजात बोलणं बुडालं. दुर्गाप्रसादला मानाची खाट मिळाली होती. हातातल्या चहात भुसा पडत होता, तरी तो आपला सांधा पाहत बसला होता. काय फिरत होता! ना थरथर, ना खरखर.

मग त्याला पदर दिसला.

पुंजण्यावरून, म्हणजे धानाच्या गंजीवरून, भारे काढून देणारी मंदाबाई जवळच्या वाटेने, फिरत्या दांड्याला लागून, ये-जा करत होती. तिने कमरेला खोचलेला पदर सुटला होता. फिरत्या दांड्याच्या वाऱ्याने त्याचं टोक उचललं जायचं, खाली यायचं, पुन्हा उचललं जायचं.

“मंदाबाई! पदर!”

तिने हात कानाला लावला. चहा हवा का विचारतोय, असं तिला वाटलं असावं, कारण तिने मान हलवून नको म्हटलं.

आणि टोक बाहीच्या तारेत अडकलं.

पहिल्या वेढ्याला ती नुसती वळली. दुसऱ्या वेढ्याला तिचा डावा हात पदरासोबत ओढला गेला. दुर्गाप्रसाद ट्रॅक्टरकडे धावला. गुड्डू सीटवर बसून मोबाइलमध्ये कुणाच्या तरी लग्नाचा व्हिडिओ पाहत होता. त्या धावेत, ज्या माणसाने सारी अक्कल क्रॉस तुटू नये यावर खर्च केली होती, तो नेमकं उलट मागत होता. तूट. तूट रे बाबा. तूट!

क्रॉस तुटला नाही.

दुर्गाप्रसादने गुड्डूला बाजूला लोटून इंजिन बंद करायची कडी ओढली. दांडा आणखी काही फेरे आपल्याच तोऱ्यात फिरला. मग लुगडं फाटलं आणि मंदाबाई भाऱ्यांवर पडली.

हात दोन जागी मोडला होता. बायांनी तिच्यावर पोतं टाकलं, गुड्डूने जीप काढली, तिला दवाखान्यात नेलं. मागे राहिलेले पुरुष दांड्याभोवती जमले. मनिरामने चिंध्या उलगडल्या, बाहीवर अंगठा फिरवला.

“पाय मिस्त्री,” तो हळूच म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कौतुक होतं. “खरोच बी नाई.”

दुर्गाप्रसादने मोटरसायकल काढली.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. मंदाबाई प्लास्टरसकट छताकडे पाहत पडली होती.

“तुटला का गा, तुया जॉइंट?”

“नाई.”

“बरं झालं. नाई त म्हनले असते, मंदीनं तोडला.”

दुकानात येऊन त्याने भिंतीवरची कव्हरं उतरवली, मोटरसायकलला बांधली आणि गावोगाव हिंडून बाह्या कापायला लागला. लोकांना हे मुळीच आवडलं नाही.

“चालून रायला, त काऊन बिघडवतं?”

“मंदाबाईचा पदरच लंबा होता. त्यात क्रॉसची का चूक?”

“कव्हर लावलं का ग्रीस मारता येत नाई ना बाप्पा!”

ज्यांनी नको म्हटलं त्यांचं काम त्याने सोडलं. ती गिऱ्हाइकं दुसऱ्या गावच्या, सडक अर्जुनीच्या मिस्त्रीकडे गेली. तिथे बाही मिळू लागली होती, आणि तीही दुर्गाप्रसादच्याच नावाने.

पुढच्या मळणीत, आभाळ भरून आलेलं असताना, मनिरामचा बाही कापलेला क्रॉस तुटला. दुर्गाप्रसाद पोचला तेव्हा मनिरामच्या शिव्या संपत आल्या होत्या. यंदा नारळ कुणी आणला नव्हता. भिंतीवर आता फक्त खिळे राहिले आहेत, हे गावाला माहीत होतं. मिस्त्रीचा हात बिघडला, असं गावाचं निदान झालं होतं.

मंदाबाईचा डावा हात खांद्याच्या वर जात नव्हता. भारे उचलणं सुटलं होतं. ती चुलीवर चहा पाहत होती.

“तुटते का गा आता?” तिने विचारलं.

“तुटते.”

“बस मंग. चाय पी.”

तो बसला नाही. उभ्याउभ्या चहा प्याला, नवा क्रॉस बसवला, वर पिवळं कव्हर सरकवलं. कव्हर दांड्यासोबत फिरू नये म्हणून त्याला एक बारीक साखळी असते. लोक ती पहिल्याच दिवशी तोडून टाकतात. दुर्गाप्रसादने ती ट्रॅक्टरला अडकवली आणि ओढून पाहिली.

पहिला थेंब पडला. “कर ना बे सुरू!” मनिराम ओरडला.

गुड्डूने हात चावीवर ठेवला, पण फिरवली नाही. मोबाइल खिशात होता. तो चुलीकडे पाहत होता.

मंदाबाई उठली. उजव्या हाताने पदर कमरेला खोचत ट्रॅक्टरपर्यंत आली, वाकली, आणि साखळी एकदा स्वतः ओढून पाहिली. मग गुड्डूकडे पाहून मान डोलावली.

गुड्डूने मशीन सुरू केली.