घणसोलीची सरकलेली उत्तर दिशा

राजाबाईंच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या अख्ख्या बिल्डिंगमधल्या बायका आत, पुरुष दारात, पोरं खिडकीच्या गजांना लटकलेली. मध्ये मांडी घालून गोटीराम महाराज. त्यांच्या हातात तांब्याची ताटली आणि ताटलीत होकायंत्र.

"ये मुली, पुढे ये," महाराज म्हणाले.

राजाबाईंची सून उज्वला एक पाऊल पुढे आली आणि काटा गर्रकन फिरला. "अगं बाई!" सगळ्या बायका एका दमात ओरडल्या.

महाराजांनी डोळे मिटले. "आकाशात शेपटीचा तारा उगवलाय. त्या शेपटीचा फटका बसला आणि या वास्तूची उत्तर दिशा सरकली. ध्रुवबाळ रुसलंय, माते! आणि फटका ओढून आणला तो या मुलीच्या पायांनी."

घ्या! शेपटी आभाळात, फटका घणसोलीत आणि दोष उज्वलाच्या पायांचा. मी दारातूनच कपाळाला हात लावला.

पण हसण्यासारखं काही नव्हतं. उज्वलाचं दोनदा पोट पडलं होतं. राजाबाई साताऱ्याकडची, नातवासाठी झुरणारी बाई. मुलगा रणजीत वाशीच्या मार्केटात पोती वाहतो, आईपुढे त्याची जीभ उचलत नाही. महाराजांनी तोडगा सांगितला: शनिवारी गच्चीवर उत्तरशांती, रविवारी उज्वलाला कायमची माहेरी धाडायची आणि रणजीतचं दुसरं लगीन लावायचं. स्थळही महाराजांच्याच नात्यातलं!

मला तेव्हाच वास आला. मी ब्लाऊज शिवते, माझ्या ओढणीला कायम चार टाचण्या खोचलेल्या असतात. महाराजांनी मला उंबऱ्यावरच अडवलं होतं. "लोखंड अपवित्र. पिना, किल्ल्या बाहेर ठेवा." मग त्यांच्या हातातला तो काटा कशाचा होता, मातीचा? रणजीतने ताटलीसाठी चौरंग आणला तर तो त्यांनी दूर सारला. आणि त्यांचा डावा गुडघा सारखा वर यायचा. म्हणे वात आहे. हा वात बरोबर उज्वला पुढे आली की उसळायचा.

मी धावत जाऊन आमच्या मास्तरांना घेऊन आले. मास्तर म्हणजे माझा नवरा सादिक, शाळेत विज्ञान शिकवतो. सत्त्याण्णवच्या त्या एप्रिलमध्ये त्याला धूमकेतूच्या फोटोचं वेड लागलं होतं. मास्तरांनी आपलं होकायंत्र आणलं आणि राजाबाईंच्या फरशीवर ठेवलं.

तोही काटा वाकडा!

"घ्या, विज्ञानानेसुद्धा कौल दिला!" महाराजांनी हात जोडले. माझं तोंड एवढंसं झालं. राजाबाईंनी त्याच संध्याकाळी उज्वलाची बॅग माळ्यावरून खाली काढली.

घरी आल्यावर मी मास्तरांवर अशी भडकले! "तुम्हाला कोणी सांगितलं होतं ते डबडं काढायला? त्या पोरीचा संसार मोडतोय!"

"चुकलंच माझं," मास्तर म्हणाले. "स्लॅबमध्ये लोखंडी सळया असतात, काटा त्यांच्याकडे ओढला जातो. म्हणून तर मी दुर्बीण होकायंत्राने लावत नाही."

"मग कशाने लावता?"

तेव्हा कुठे मला कळलं की हा माणूस रोज संध्याकाळी गच्चीवर काय करतो. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. फोटोला बराच वेळ लागतो, तेवढ्यात ताऱ्याची रेघ उमटते. म्हणून दुर्बिणीच्या बैठकीला एक दांडा असतो. तो पृथ्वीच्या आसाला अगदी समांतर लावायचा आणि मोटरीने हळूहळू फिरवायचा. मग तारा भिंगात जागेवर राहतो. दांडा आधी ध्रुवाकडे रोखायचा. पण ध्रुवही नेमका मध्यावर नाही, जरा बाजूला आहे. म्हणून मग दुसरा एखादा तारा भिंगातल्या बारीक तारांच्या फुलीवर धरायचा आणि बघत बसायचं. तो वर-खाली घसरला, तर दांडा चुकलाय. पुन्हा थोडा सरकवायचा, पुन्हा बघायचं.

"ध्रुवावरपण भरवसा नाही तुमचा?" मी विचारलं.

"तपासल्याशिवाय कशावरच नाही."

शनिवारी दिवेलागणीला गच्ची भरली. वायव्येला धूमकेतू लखलखत होता आणि महाराज त्याच्याकडे बोट दाखवून भीती घालत होते. मास्तरांनी दुपारपासूनच दुर्बीण मांडली होती. अंधार पडताच त्यांनी दांडा जुळवला, डोक्यावरचा मघाचा तारा भिंगात धरला आणि राजाबाईंना बोलावलं.

"मावशी, बघा. फुलीवर तारा दिसतो?"

"दिसतोय की."

"उत्तर दिशा खरंच सरकली, तर हा तारा फुलीवरून घसरणार. उज्वला, ये, दुर्बिणीभोवती फिर."

उज्वला आली. ती फिरत राहिली आणि राजाबाई भिंगाला डोळा लावून बसल्या. बराच वेळ गेला.

"हललं न्हाय बाई," राजाबाई पुटपुटल्या. मास्तरांनी मोटर बंद केली तसा तारा सरकत बाहेर गेला. राजाबाई दचकून मागे झाल्या. "आता कसं गेलं?"

"ही आपली पृथ्वी फिरतेय, मावशी. सुनेच्या पायांनी नव्हे."

"यंत्राची माया!" महाराज गरजले. "आमचा काटा खरा!"

"मग तोच ठेवू," मी म्हटलं आणि त्यांच्या हातून होकायंत्र घेतलंच. उंच लाकडी स्टुलावर, स्लॅबपासून दूर ठेवलं. काटा दुर्बिणीच्या दांड्याच्याच दिशेला उभा राहिला. उज्वला स्टुलाभोवती फिरली, काटा ढिम्म. महाराज होकायंत्र हिसकायला पुढे झाले आणि काटा फिरला. ते डावीकडे सरकले, काटाही सरकला. पोरं खिदळायला लागली. मी टाचण्यांची डबी उघडली आणि महाराजांच्या डाव्या गुडघ्यावर उपडी केली. धोतरावरच टाचण्यांचा झाडूसारखा झुबका उभा राहिला!

रणजीतने धोतराखाली गुडघ्याला बांधलेली पट्टी सोडायला लावली. आत लाऊडस्पीकरमधलं चुंबक. महाराज जिन्याकडे पळाले, कोणी थांबवलं नाही.

राजाबाई रडत उज्वलाला जवळ घ्यायला गेल्या. उज्वला मागे सरली.

"आत्या, आज काटा खोटा निघाला म्हणून मी राहिले. उद्या कोणी दुसरा येईल, लिंबू घेऊन, नारळ घेऊन. तेव्हा मास्तर घरी नसले तर?"

मग ती रणजीतकडे वळली. "सोमवारी डॉक्टरकडे जायचं. दोघांनी. तपासणी तुमचीपण होईल. जमत असेल तर सांगा, नाहीतर मी आपली माझ्या पायांनी जाते."

"येतो," रणजीत म्हणाला. आईकडे न बघता म्हणाला, ते मी मुद्दाम पाहिलं.

लोकहो, चुंबक बांधणारे बाबा मिळतीलच, त्यांना तोटा नाही. माझा राग आपल्यावर आहे. ज्या बाईबरोबर रोज नळावर उभ्या राहतो, तिच्यापेक्षा आपण एका काट्यावर विश्वास ठेवला. चमत्कार दिसला की हात जोडू नका, हातात घेऊन बघा. ज्याला तो हातात देववत नाही, त्याला सरळ दाराबाहेर काढा, सुनेला नव्हे.