कोणीच न गायलेलं कडवं

कवळीवाल्यांनी बेल दाबली आणि आत कोणीतरी चपला शोधतंय ते ऐकत दाराशी उभे राहिले. खिशातला पेनड्राइव्ह त्यांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर चाचपला होता. आताही एकदा चाचपला.

दार आक्षेपवाल्यांनी उघडलं. वर्षानुवर्षं नुसत्या आवाजाची ओळख; समोरासमोर दोघे आज प्रथमच येत होते. समोरचा माणूस त्याच्या आवाजापेक्षा बुटका निघाला, याचं दोघांनाही थोडं वाईट वाटलं.

"या," आक्षेपवाले म्हणाले. "फोनवर तुम्ही उंच वाटायचात."

कवळीवाले म्हणजे दाताच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणारे कारागीर. आठवडाभर लोकांच्या तोंडात बसतील असे दात घासायचे आणि शनिवारी 'एक गाणं, दहा गळे' हा आपला कार्यक्रम इंटरनेटवर चढवायचा, असा त्यांचा नेम. एखादं आवडतं गाणं घ्यायचं. आधी मूळ ऐकवायचं, मग तेच भलत्यांनी गायलेलं. विरहगीत पोलीस बँडनं वाजवलेलं. अंगाई केस वाढवलेल्या पोरांनी गिटार बडवत म्हटलेली, इतकी की मूल झोपलेलं असेल तर उठून बसावं. एका बोटीवरच्या स्वयंपाक्यानं शिट्टीवर वाजवलेलं प्रेमगीत तर त्यांनी लोकाग्रहास्तव पुन्हा ऐकवलं होतं. लोक म्हणजे ते स्वतः. मधे मधे कवळीवाले बोलायचे. खरं तर कवळीवाले बोलायचे आणि मधे मधे गाणी असायची.

श्रोते थोडे होते, पण त्यांतले एक आक्षेपवाले होते. वजनमापं खात्यात उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांना कवळीवाले सापडले. दर रविवारी फोन. साल चुकलं. ती सारंगी नव्हे, दिलरुबा. गायिकेचं तेव्हा लग्न व्हायचं होतं, तुम्ही सासरचं आडनाव लावलंत. 'आक्षेपवाले' हे नाव कवळीवाल्यांच्या बायकोनं ठेवलेलं. फोन तीच उचलायची आणि "अहो, तुमचे आक्षेपवाले," म्हणत आतल्या खोलीत आणून द्यायची.

ती गेली त्याला वर्ष होत आलं होतं.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

"बाबा, आईचा आवाज आहे का हो तुमच्याकडे कुठे? माझा फोन बिघडला, त्यात सगळंच गेलं."

"बघतो," ते म्हणाले. "असणारच."

घरात गाण्यांनी भरलेली कपाटं होती. मेलेल्या, जिवंत, हरवलेल्या, दारू पिऊन बसलेल्या सगळ्या गायकांचे आवाज होते. तिचा मिळेना. समारंभांचे व्हिडिओ पुष्कळ होते, पण व्हिडिओ काढायचं काम तिचं, कारण बोलायचं काम त्यांचं. फोनवर ती निरोप लिहून पाठवायची. राहता राहिला कार्यक्रम. तो घरातच ध्वनिमुद्रित व्हायचा. पण त्या वेळी पंखा बंद, नळ बंद, आणि तीही जवळजवळ बंदच असायची. तरीही एखादं भांडं वाजायचंच. मग कवळीवाले संगणकावर बसून ते खरवडून काढायचे. दात घासायची सवय असलेला हात. घासून झालं की आधीची फाइल पुसून टाकायची. पसारा त्यांना चालायचा नाही.

दोन दिवस स्वतःचंच बोलणं ऐकल्यावर त्यांना आठवलं: एका जुन्या सिनेमातल्या कंदिलाच्या गाण्यावरच्या भागात ती एकदा सापडली होती. आक्षेपवाल्यांनीच तर फोन केला होता, मागे बाई गातायत म्हणून.

"चहा टाकू?" आक्षेपवाल्यांनी विचारलं.

"चहा राहू द्या. तो कंदिलाचा भाग... मी काढून टाकण्याआधीचा. आहे म्हणालात ना?"

"आहे म्हणजे काय! शनिवारी सकाळी तुमचा भाग आला की मी उतरवून घेतो. तुम्ही मागाहून गुपचूप दुरुस्त्या करता. मग मी आक्षेप कशावर घेतला होता, ते उद्या सिद्ध कसं करणार?"

एरवी कवळीवाल्यांनी यावर एक-दोन वाक्यं ऐकवली असती. आज त्यांनी पेनड्राइव्ह काढून पुढे केला. आक्षेपवाल्यांनी तो संगणकाला लावला, चष्मा कपाळावर ढकलला आणि पडद्याला नाक लावून शोधू लागले.

"थोडं पुढे घेऊ का? सुरुवातीला तुम्ही बरंच..."

"घ्या, घ्या."

स्पीकरमधून कवळीवाल्यांचा आवाज आला. भरदार, थोडा वरच्या पट्टीतला, समोर भरलेली सभा असल्यासारखा.

"...तर रसिकहो, या गाण्याला तिसरं कडवंही होतं. तबकडीवर जागा पुरली नाही, म्हणून ते फक्त सिनेमात राहिलं. आणि त्या सिनेमाची प्रत आज जगात कुठेही नाही. एवढ्या लोकांनी हे गाणं गायलं, वाजवलं, पण ते तिसरं कडवं? कोणीच गायलं नाही. त्याची चाल आज एकाही जिवंत माणसाला..."

त्या बोलण्याच्या मागे, लांबून, नळाच्या बारीक धारेशेजारून एक बाई गात होती. हात कामात असताना माणूस गातो तसं, कोणाला ऐकवायचं नसल्यासारखं. आवाज जरासा घोगरा होता. श्वास घ्यायला थांबली, पुन्हा धरलं.

"अगं, जरा!" स्पीकरमधले कवळीवाले म्हणाले.

गाणं थांबलं. नळही थांबला.

खुर्चीतल्या कवळीवाल्यांनी गुडघ्यावरचं पॅन्टचं कापड चिमटीत धरलं होतं, ते सोडून नीट बसवलं.

"पुन्हा लावता?"

आक्षेपवाल्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा. दर वेळी 'अगं, जरा' यायचं आणि कवळीवाल्यांची मान थोडी खाली जायची, ठाऊक असलेल्या पायरीवर अडखळावं तशी. मग एकदा ते पुढे झुकले.

"हे काय म्हणतेय ती? हे त्या गाण्यातलं नाही. सूर त्याचाच आहे, पण वर कुठे जातेय? तिथे वर जातच नाही कोणी."

आक्षेपवाल्यांनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"तिसरं कडवं आहे ते."

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं. ती सुरू होईना.

"शाळेत असताना मी तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिलाय," आक्षेपवाले म्हणाले. "थेटरचा दारवान आमचा शेजारी. ऐकल्याबरोबर ओळखलं. म्हणून तर फोन केला. म्हटलं, तुमचं विधान चुकीचं आहे, कारण तुमच्याच मागे बाई गातायत, आणि—"

"आणि मी म्हटलं, माफ करा, आजच काढून टाकतो."

"आणि फोन ठेवलात. माझं वाक्य अर्धंच राहिलं." आक्षेपवाल्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "मग नंतर एकदा मधल्या वारी केला, तेव्हा वहिनींनी उचलला. त्यांना सांगितलं. खूप हसल्या. म्हणाल्या, माझी मावशी म्हणायची ते, आम्ही पोरी तिच्या मागे मागे. म्हटलं, मग सांगा ना त्यांना. तर म्हणाल्या, नको हो, इतकी वर्षं शोधतायत, घरातच होतं म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

कवळीवाल्यांनी मान हलवली. हो म्हणून, की नाही म्हणून, ते कळलं नाही.

"मी म्हटलं, मला तरी पूर्ण म्हणून दाखवा. मला पहिल्या दोनच ओळी आठवतात. म्हणाल्या, आत्ता नको, त्यांचं रेकॉर्डिंग चाललंय, पुढच्या वेळी म्हणते."

"मग?"

"पुढच्या वेळेपासून फोन तुम्हीच उचलायला लागलात."

कवळीवाल्यांनी खिशातून रुमाल काढला, त्याची घडी उलगडली, पुन्हा घातली आणि परत ठेवून दिला. खालची गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली.

"मुलीसाठी हवंय ना?" आक्षेपवाल्यांनी विचारलं. "तेवढाच तुकडा देतो कापून. तुमचं बोलणं पूर्ण निघणार नाही, एकावर एक आहे ते. पण 'अगं, जरा'च्या आधी तोडता येईल."

"नको. आहे तसं द्या."

"सगळं?"

"सगळं."

आक्षेपवाल्यांनी फाइल पेनड्राइव्हवर टाकली. पडद्यावरची हिरवी पट्टी सावकाश भरत गेली.

"पुढे कुठे गाते का ती परत?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"नाही. मी पाहिलंय. पुढे सगळे तुम्हीच आहात."

आक्षेपवाल्यांनी बंद करायला हात पुढे केला.

"असू द्या चालू."

स्पीकरमधले कवळीवाले आता रंगात आले होते. कंदिलाचं गाणं एका कापडगिरणीच्या बँडनं कसं वाजवलं, त्यात क्लॅरिनेटवाला कुठे चुकला आणि ती चूकच कशी सुंदर आहे, हे ते समजावून सांगत होते. आक्षेपवाल्यांचं तोंड सवयीनं एकदा उघडलं आणि मिटलं.

खुर्चीतले कवळीवाले स्पीकरच्या अगदी जवळ सरकले. एक कान तिकडे करून, डोळे मिटून, स्वतःच्या आवाजाच्या पलीकडे ऐकू लागले. तिथे कोणीतरी ओली ताटं एकावर एक ठेवत होतं. एक ठेवलं की थोडं थांबायचं. मग दुसरं, आधी कड टेकवून, मग बोट काढून घेत, वाजणार नाही अशा बेतानं.