सोलोमोनाच्या लेकीला मी समुद्रात नेले

मित्रांनो, लाटेवर उभे राहण्यासाठी माणसाने जी फळी घडवली, तिच्या कुळातील मी एक वृद्ध फळी आहे. वायकीकीच्या समुद्रकाठी, फळीवर तोल सावरायला शिकवणाऱ्या पालाकिकोंच्या गवती छपराच्या खोपीशेजारी माझा निवास असतो. एके काळी माझा वर्ण मधासारखा होता. उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने तो आता काळवंडला आहे, आणि माझ्या अग्रभागी दोन ठिगळेही आहेत. तरीही माझी तक्रार नाही. ज्या जलाने मला झिजवले त्यानेच मला जीवन दिले, एवढी जाण मला आहे.

माझा जन्म होनोलुलूच्या बंदरात झाला. तेथे हिगुची नावाचे एक होडीसुतार होते. मासेमारीच्या नौका बांधण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. दूरदेशीच्या अतिशय हलक्या लाकडाच्या पट्ट्या त्यांनी एकमेकींना जोडल्या आणि मधोमध तांबड्या, कणखर लाकडाची एक पट्टी बसवली. तोच माझा कणा. रंधा मारता मारता ते थांबत आणि डोळे मिटून माझ्या कडांवरून तळहात फिरवीत. त्या स्पर्शात पूजेचा भाव असे. शेवटी काचेच्या धाग्यांचे वस्त्र आणि राळेचा लेप चढवून त्यांनी मला जलासाठी सिद्ध केले.

मला न्यायला पालाकिकोंचे वडील आले, तेव्हा ते माझ्याकडे पाहतच राहिले.

“हिगुचीदादा, ही फळी आहे की जेवणाचं टेबल?”

“नवशिक्यांसाठी हवी म्हणालास ना?” हिगुची म्हणाले. “मग अशीच हवी. डोलणारी हवी असेल तर पाळणा घेऊन जा.”

त्यानंतरची कित्येक वर्षे मी नवशिक्यांना अंगावर घेतले. दूरदूरच्या थंड प्रदेशांतून माणसे सुट्टीसाठी येत आणि घाबऱ्या मुठींनी माझ्या कडा घट्ट धरीत. एखादी लाट अशी येई की तीच मूठ सुटे, तोच देह क्षणभर उभा राही आणि तोच घसा आनंदाने ओरडे. माझ्याबरोबर उभे राहून त्यांनी छायाचित्रे काढून घेतली. माझे कौतुक मी भरपूर ऐकले.

पुढे मऊ, निळ्या, स्पंजासारख्या फळ्या आल्या. त्या वजनाला हलक्या होत्या आणि लागल्या तरी दुखत नसे. मला उचलायला दोन माणसे लागत. हळूहळू मला कुणी उचलेनासे झाले. पालाकिकोंच्या थोरल्या भगिनी इविलानीताई खोपीचा कारभार पाहत. त्यांनी मला दोन ओंडक्यांवर ठेवले आणि माझे बाक केले. माझ्यावर लोक चपला, ओले पंचे आणि अळूच्या कंदाच्या पिठल्याची भांडी ठेवू लागले. समुद्र समोरच होता, पण त्याचा केवळ आवाज माझ्यापर्यंत येई. मित्रांनो, जवळ असूनही न मिळणाऱ्या गोष्टीचे दुःख फार संथ असते.

अशा काळात एका सकाळी एक स्त्री खोपीपाशी आली. वयाने चाळिशीची, खांदे आखडलेले, डोळे जागरणाने लाल. ती पालाकिकोंना म्हणाली, “मला शिकायचंय. एकटीलाच शिकवा, बरोबर दुसरं कुणी नको. आणि जरा लांब जाऊया, जिथं लोक बघणार नाहीत.”

“वायकीकीत?” पालाकिको हसले. “लोक नाहीत अशी जागा इथं फक्त समुद्राच्या तळाशी आहे, बाई.”

“कुठून आलात?” इविलानीताईंनी विचारले.

“लास व्हेगास. सुट्टीसाठी.”

“पाणी घेणार?”

त्या स्त्रीने काहीही न बोलता दोन्ही भुवया वर उचलल्या. इविलानीताईंनी हातातला पेला तसाच खाली ठेवला.

“बघ बघ, पालाकिको! पाहुणा माणूस तोंडानं हो म्हणतो. भुवईनं हो म्हणणारी आपल्याच बेटावरची. काय गं, खोटं बोलतेस म्हातारीशी? कुणाची तू?”

या बेटांवर हा प्रश्न टाळता येत नाही. ती स्त्री माझ्यावर, चपला बाजूला सारून, बसली आणि रडू लागली.

“सोलोमोना कालुनाची. ते माकाहा गावचे. मी हौनानी.”

सोलोमोना कालुना तरुणपणीच पोटासाठी वाळवंटातल्या त्या शहरात गेले होते आणि तेथे एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात त्यांनी आयुष्य काढले होते. पालाकिकोंनी त्यांना पाहिले नव्हते, केवळ नाव ऐकले होते. आता ते निवर्तले होते, आणि त्यांची रक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी माकाहाच्या समुद्रात सोडायची होती. सारे आप्त फळ्यांवरून खोल पाण्यात जाणार, वर्तुळ करणार आणि रक्षा थोरल्या अपत्याच्या हातून जाणार, ही त्या घराण्याची रीत. हौनानी थोरली होती.

“मग अडचण काय?” पालाकिकोंनी विचारले.

“मला फळीवर बसताही येत नाही, काका! बाबांनी मात्र फोनवर सगळ्यांना सांगून ठेवलंय. ‘माझ्या लेकीला मी शिकवलंय, लाट तिच्या अंगात आहे.’ दर नाताळाला तेच. आत्या, काका, चुलतभाऊ, सगळ्यांना तोंडपाठ आहे ते. उद्या मी गडबडले तर ज्या दिवशी त्यांना निरोप द्यायचा, त्याच दिवशी ते सगळ्यांसमोर खोटे ठरतील.”

“माकाहात तुझे इतके काका आहेत. त्यांना का नाही विचारलंस?”

“त्यांना विचारलं तर त्यांना कळेल ना, काका!”

पालाकिकोंनी तिला एक निळी फळी दिली आणि उथळ पाण्यात नेले. ती हलकी फळी हौनानीच्या घाबऱ्या देहाखाली दर लाटेसरशी उलटू लागली. थोड्या वेळाने पालाकिको परत आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि माझ्यावरचे डबे उतरवू लागले.

“अरे, माझं बाक कुठं नेतोस?” इविलानीताई ओरडल्या.

“बाक नाही ते, ताई. वडिलांची फळी आहे.”

“दोन वर्षं त्यावर बसून जेवलास, तेव्हा नाही आठवले वडील!”

त्यांनी माझ्या भेगा तपासल्या, एक भेग राळेने बुजवली आणि ती वाळेपर्यंत थांबले. मग दोघांनी मला उचलले. पाण्याच्या काठाशी पालाकिको थांबले. समुद्रात शिरण्यापूर्वी ते मस्तक लववून मनोमन अनुमती मागत; हा त्यांचा नेम होता. हौनानीनेही तसेच केले. मग जलाने माझ्या पाठीला स्पर्श केला, आणि मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले त्यासाठी माझ्यापाशी शब्द नाहीत.

शिकवणी सुरू झाली.

“मधोमध झोप. अजून मागं. नाक पाण्यात जातंय, फळीचं गं, तुझं नाही. हात लांब टाक. घाई कशाला? समुद्र पळून जात नाही.”

“लाट आली, काका!”

“येऊ दे. तिला पाठ दाखवायची नाही, कूस तर मुळीच नाही. तोंड तिच्याकडे कर. हां, असं.”

मी जड असल्यामुळे सहजासहजी कलंडत नव्हते. हौनानीचा श्वास हळूहळू शांत झाला. ती सरळ जाऊ लागली, वळू लागली, लाट आली की माझे अग्र तिच्या सामोरे धरू लागली. पण उभे राहण्याची वेळ आली की सारे बिघडे. हात टेकवावेत, पाय पुढे घ्यावा आणि तोल जाऊन पाण्यात पडावे. ती पुन्हा पुन्हा चढली आणि पुन्हा पुन्हा पडली. तिचे गुडघे सोलवटले, आणि माझ्या अंगावर तिच्या रक्ताचे पुसट डाग उमटले.

सूर्य माथ्यावर आला तेव्हा पालाकिकोंनी मला धरून ठेवले.

“ऐक, पोरी. उद्यापर्यंत तुला उभं राहता येणार नाही. येईल असं सांगून मी तुला फसवणार नाही.”

हौनानीने मान खाली घातली.

“पण लाटांपलीकडे जायला जमतंय. बाबांना तू नेशील, तेवढं मी छातीठोक सांगतो.”

“आणि परत येताना? सगळे लाटेवर उभे राहून येतात. फोटोत पाहिलंय मी.”

“परत येणं नंतर. आधी जाऊन तर ये.”

दुसऱ्या दिवशी पालाकिकोंनी मला आपल्या मालवाहू मोटारीवर बांधून माकाहाला नेले. उन्हाळ्यात त्या किनाऱ्याचा समुद्र शांत असतो, तरी पूर्णपणे निजलेला नसतो. कालुना घराणे वाळूवर जमले होते. सोलोमोनांची बहीण, कूऊलेई आत्या, फुलांच्या माळांतून दोरे ओढून काढीत बसल्या होत्या. दोरा पाण्यात गेला तर कासवांच्या गळ्यात अडकतो, म्हणून समुद्राला केवळ सुटी फुले वाहतात.

“ही एवढी मोठी फळी?” एका चुलतभावाने विचारले. “हिच्यावर स्वयंपाक करणार का, ताई?”

“गप रे!” आत्या म्हणाल्या. “सोलोमोनानं शिकवलंय तिला. कुठली फळी घ्यायची ते तू सांगू नकोस.”

हौनानीचा चेहरा उतरलेला मी पाहिला. हिरव्या रुंद पानांत गुंडाळलेली पित्याची रक्षा तिने पाठीशी बांधली आणि ती माझ्यावर पालथी झाली. तिच्या हृदयाचे ठोके माझ्या कण्यापर्यंत पोहोचत होते. पालाकिको थोड्या अंतरावरून आपल्या फळीवर येत होते.

अर्ध्या वाटेवर एक लाट वेळेआधी उठली आणि तिरपी आली. मला भय वाटले. मी उलटले असते तर ती रक्षा पाण्यात अवेळी, अनाथासारखी विखुरली असती. हौनानी ओरडली नाही. तिने एक हात खोल घातला, मला वळवले आणि माझे अग्र लाटेच्या सामोरे धरले. आम्ही वर चढलो, पलीकडे उतरलो. तिच्या पाठीवरची पाने कोरडीच राहिली.

वर्तुळ झाले. सर्वांनी एकमेकांचे हात धरले. आत्यांनी जुन्या भाषेतील प्रार्थना म्हटली. तिचा अर्थ मला कळत नाही, पण ती ऐकताना पाणीही स्तब्ध झाल्यासारखे वाटते. हौनानीने पाने उलगडली आणि पित्याला समुद्राच्या स्वाधीन केले. रक्षा क्षणभर माझ्या सावलीत ढगासारखी तरंगली, मग खोल गेली. वर फुले पडली. सर्वांनी ओंजळींनी पाणी उडवून सोलोमोनांचे नाव घेतले.

मग एकेक जण लाट पकडून परत निघाला. सारे उभे होते, बासष्ट वर्षांच्या आत्यासुद्धा. शेवटी पालाकिको आणि हौनानी उरले.

“काका, मी इथंच राहते.”

“राहा की. जेवण मात्र तिकडे आहे.”

ती रडता रडता हसली. लाट आली. तिने हात मारले, लाटेने मला उचलले, आणि हौनानीने माझ्यावर तळवे टेकवले. एक गुडघा पुढे आला. मी जितके स्थिर राहता येईल तितके राहिले. पण तिचे बळ सरले होते. ती पुन्हा पालथी झाली, तिने माझ्या कडा धरल्या, तोंड माझ्यात लपवले, आणि तशीच, पोटावर, आम्ही सर्वांच्या देखत वाळूला लागलो.

हौनानी डोके वर करीना.

मग आत्यांनी तोंडावर हात नेला, आणि त्या मोठ्याने हसू लागल्या. ते हसणे पसरत गेले. घराण्यातले एक म्हातारे काका तर हसता हसता वाळूवर बसलेच.

“अगदी सोलोमोना! अगं बाई, अगदी तस्सा!” आत्या डोळे पुसत म्हणाल्या.

हौनानीने मान वर केली. “म्हणजे?”

“म्हणजे काय? जन्मात उभा राहिला नाही तो! अख्खा माकाहा चिडवायचा. प्रत्येक लाट पोटावर. वर म्हणायचा, ‘तुम्ही उभे राहता, म्हणून तुम्हाला लाट जवळून दिसत नाही.’ लेकीला शिकवलंय म्हणाला तेव्हा आम्ही मनात म्हटलं, शिकवून शिकवून काय शिकवणार हा?”

“लहानपणी मला गालिच्यावर पालथं झोपवून हात मारायला लावायचे,” हौनानी हळूच म्हणाली. “मला वाटायचं, खेळ आहे. पुढचं कधी शिकवलंच नाही!”

“पुढचं त्याला येत असेल तर ना!”

मग हौनानी हसली. रात्रभर आवळून धरलेले काहीतरी तिच्या देहातून सुटले. तिचे हात सैल झाले, खांदे खाली आले, आणि तिचा सारा भार निश्चिंतपणे माझ्यावर विसावला. आयुष्यभर मी माणसांची वजने पेलली आहेत, म्हणून सांगते, भ्यालेला देह आणि सुटका झालेला देह यांचे वजन सारखे नसते. पिता खोटा ठरला नव्हता. त्याने खरोखरच शिकवले होते, जेवढे त्याला येत होते तेवढे.

मित्रांनो, माझे मागणे थोडेच आहे. माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिला खाऱ्या पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुवा, सावलीत ठेवा, आणि भेग दिसली तर ती वेळीच बुजवा. पाणी एकदा आत शिरले की लाकूड आतून कुजते. आणि कुणी मोठ्या वयात, घाबरत, काही शिकायला आले, तर त्याला रुंद आणि स्थिर असे काहीतरी पायाखाली द्या.

जेवणाची पाने मांडली गेली होती, पण कुणी जेवायला बसले नाही. कूऊलेई आत्यांनी आपली फळी पुन्हा उचलली. “चला रे,” त्या म्हणाल्या, “त्याला त्याच्या पद्धतीनं पोहोचवूया.” सारे पुन्हा पाण्यात शिरले, हौनानी माझ्यावर, सर्वांच्या पुढे. आणि त्या सकाळी, पुढच्या लाटेवर, कालुना घराण्यातील एकही माणूस उभा राहून किनाऱ्याला आला नाही.