टेबल बाराचा हात

माणसांच्या हातांचे साचे काढून प्लास्टरचे हात ओतणं हा माझा धंदा. सही मात्र शिल्पकार बाईंची. त्याबद्दल माझी तक्रार नाही. बादलीतला चिखल मी कालवतो आणि त्याचा अर्थ त्या लावतात. गेल्या वर्षी त्यांनी राबणाऱ्या चाळीस माणसांचे चाळीस हात मांडायचं ठरवलं. नाव कुणाचंच द्यायचं नाही. नाव दिलं की लोक त्या एका माणसासाठी हळहळतात आणि निवांत घरी जातात, असं बाईंचं म्हणणं.

एकोणचाळीस हात झाले आणि चाळिसावा, एक शिंपी, ऐनवेळी फिरला. बाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. तेव्हा मला नको ते शहाणपण सुचलं आणि मी ताईला गळ घातली.

ताई माझी थोरली बहीण. बावीस वर्षं कुलपांच्या कारखान्यात बारा नंबरच्या टेबलावर बसून ती कुलपांत पिना घालत होती. पिना मुंगीएवढ्या, चिमट्यानंही निसटणाऱ्या. तीन वर्षांपासून तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट सरळ होत नव्हतं आणि अंगठ्याला स्पर्श कळत नव्हता. हे मला आणि तिच्या मुलीला ठाऊक होतं, कारखान्यात कुणालाच नाही. सुपरवायझर आला की ती पिनांची डबी उचलायची, म्हणजे बोट डबीमागे जायचं. उरलेल्या बोटांनी काम करायला ती शिकली होती आणि तरीही तिचा ट्रे शेजारणीच्या आधी भरायचा. घर तिच्यावर चालत होतंच, पण नुसतं तेवढंच नव्हतं. त्या टेबलावरून उठवलं तर मी संपले, असं ती मला दहादा म्हणाली होती.

"कुणीतरी ओळखेल रे," ती म्हणाली.

"चाळीस हातांत तुझा हात कोण ओळखतंय? सिनेमातली नटी लागून गेलीस की नाही."

"चुन्या, माझं काम जाईल." माझ्या केसांत कायम प्लास्टर असतं म्हणून हे नाव तिनंच ठेवलेलं.

"नाव नसतं त्यावर. तुझी शपथ."

ती आली. बादलीत मनगटापर्यंत हात बुडवून सात मिनिटं हलायचं नसतं. पहिली दोन मिनिटं तिनं दात आवळून ते बोट ताठ धरलं. मग ती भाचीच्या परीक्षेबद्दल बोलायला लागली आणि बोलता बोलता बोट आपलं आपण वळलं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी काही बोललो नाही, कारण साचा सुरेख बसत होता.

आता माझी खोड सांगतो. पूर्वी एकदा माझ्या हातून पाववाल्याच्या आणि मास्तरांच्या हातांची अदलाबदल झाली होती. तेव्हापासून कानाला खडा. प्लास्टर ओतलं की ते ओलं असतानाच मनगटाच्या सपाट तोंडावर खिळ्यानं कोरून ठेवायचं, हात कुणाचा आणि काम कुठलं. सगळे हात वाळून तयार झाले की एकदमच घासून टाकायचं. ताईच्या हातावरही मी सवयीनं कोरलं: ताई, कुलपाच्या पिना, टेबल बारा.

घासायला कागद घेऊन बसलो, तेवढ्यात बाई आल्या. एकेक मनगट उचलून वाचत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच. खुणेसाठी. आता घासतोय."

"हात लावू नका. मी वर्षभर हेच शोधत होते."

"पण बाई, नावं नकोत म्हणाला होतात."

"नावं कुठे आहेत? ताई, आजोबा, पाववाला. कुणाचीही ताई असेल ती."

ती माझी ताई आहे, एवढंच बोलायचं होतं. बोट, डबी, सुपरवायझर, सगळं तोंडाशी आलं होतं. पण बाई रडत होत्या आणि खरं सांगायचं तर माझ्या अक्षराला कुणी पहिल्यांदाच चांगलं म्हणत होतं. मी फुगलो आणि गप्प बसलो. त्याची लाज अजून जात नाही.

हात बाईंनी छातीच्या उंचीवर टांगले, मनगट वर आणि बोटं खाली, म्हणजे आधी अक्षरं वाचली जातील. प्रदर्शनाच्या उद्‌घाटनाला ताईच्या कारखान्याचे मोठे साहेब आले. एका हातापाशी थबकले, वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. वाकड्या बोटावर त्यांनी आपलं बोट ठेवलं. जाताना त्यांनी तो एकच हात विकत मागितला.

पंधरा दिवसांनी कारखान्याच्या डॉक्टरनं ताईचा हात तपासला आणि तिला टेबलावरून कायमचं उठवलं. निरोपाला शाल, फुलं आणि साहेबांचं भाषण. या हातांनी खूप सोसलं, आता त्यांना विश्रांती.

मी बाईंकडे धावलो. त्यांनी माझ्यासमोर साहेबांना फोन लावला, विनवण्या केल्या. फोन ठेवून म्हणाल्या, "ते म्हणतात, तुम्हीच तर माझे डोळे उघडलेत."

मग मी स्वतः साहेबांना भेटलो. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. "माहीत असूनही त्यांना पुन्हा तिथे बसवू? माझं मन नाही हो धजत." माणूस वाईट असता तर भांडता आलं असतं. मी चहा पिऊन उठलो.

तो हात आता कारखान्याच्या दारात काचेच्या पेटीत आहे. दर महिन्याला तो साफ करायला मलाच बोलावतात. मऊ ब्रशनं मी एकेक बोट झाडतो. शिफ्ट सुटली की तिच्या टेबलावरच्या बायका शेजारून जातात आणि माझ्याकडे बघत नाहीत.

घरी ताई खिडकीशी बसलेली असते. समोर बशीत शर्टाची बटणं, चिमट्यानं एकेक उचलून दुसऱ्या बशीत टाकते. भरली की पुन्हा उलट.

"पुसलास?" ती विचारते.

"पुसला."

"मधलं बोट वळतं ना, तिथे आतून धूळ बसते. तिथे नीट बघत जा."

"बघतो," मी म्हणतो.