नानांची घट्ट जमीन

मेहरूणच्या त्या गल्लीत रुपचंद नानांना भलताच मान. भांडण मिटवायला नाना, प्लॉट घेताना विचारायला नाना. जमिनीतलं त्यांच्याइतकं कुणालाच कळत नाही असं सगळे म्हणत, आणि सगळ्यांच्या आधी नाना स्वतः.

म्हणून सांडपाण्याचा बोगदा गल्लीखालून न्यायचं ठरलं आणि जमीन किती खचेल याचा अंदाज काढायला कंपनीची इंजिनीअर मयुरी आली, तेव्हा नाना चडफडले. कालची पोर, हातात टॅब, आणि ही आपल्याला जमीन शिकवणार.

"हिशोबात आठ मिलिमीटर येतंय," ती म्हणाली. "पण बुजवलेली विहीर निघाली तर तो हिशोब फुकट. नाना, इथं कुठे होती का?"

होती ना. शेजारच्या सुनंदाबाईंच्या स्वयंपाकघराखालीच होती. वीस वर्षांपूर्वी नानांनी तिच्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या, केळीचे खांब, पाडलेल्या घराचा राडारोडा, हाताला लागेल ते कोंबलं, वर मुरूम पसरला आणि जमीन घट्ट आहे असं छातीठोक सांगून प्लॉट त्या विधवा बाईच्या गळ्यात मारला. आता खरं बोलायचं म्हणजे सगळा मान आपल्याच हातानं गटारात घालायचा.

"आठे कोठली विहीर?" नाना खेकसले. "बठ्ठी जमीन घट्ट शे. तुन्हा कॉम्प्युटरले काय समजस?"

मयुरीनं 'विहीर नाही' असं टिपून घेतलं.

बोगदा खणणारं मशीन खालून गेलं त्या दुपारी स्वयंपाकघराची फरशी ओट्यासकट कमरेएवढी खाली बसली. सुनंदाबाई बाहेर नळावर होत्या म्हणून वाचल्या. गल्ली जमली, कंपनीचा साहेब धावत आला आणि त्यानं चारचौघांत मयुरीची खरडपट्टी काढली. खड्ड्यात डोकावण्यापेक्षा पोरीवर ढकलणं सोपं. तासाभरात त्यानं वरून काँक्रीट ओतायलाही लावलं.

मयुरी नानांजवळ आली. "नाना, खरं सांगा, खाली काही होतं का? माझी नोकरी जाईल."

नानांना लाज वाटली. वाटली, हे कबूल करायला हवं. पण ती घशाच्या वर काही आली नाही.

"पोरी, तुन्हं गणित चुकनं," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

मयुरी मान खाली घालून गाडीत बसली. सुनंदाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नानांचे पाय धरले.

"नाना, तुमीच एक खरं बोलणारा माणूस."

नानांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.