चौदा खाचांची शिडी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे. घरावर चढायची नव्हे, कोंबड्यांची. मला दोन पाय नाहीत की आडव्या पट्ट्या नाहीत. पेरूच्या झाडाचा एक सरळ ओंडका आणि त्यावर कोयत्याने पाडलेल्या चौदा खाचा, एवढाच माझा थाट. मला नेमेसिओने घडवलं. एक खाच पाडायची, बोट फिरवून बघायची आणि स्वतःशीच म्हणायचं, "चालेल." असं तो चौदा वेळा म्हणाला. त्यानंतर माझं इतकं कौतुक कुणी केलं नाही.

आमच्या पाराग्वायच्या खेड्यात कोंबड्यांना खुराडं नसतं. दिवसभर अंगणात, कसाव्याच्या वाफ्यात उकरायचं आणि ऊन कललं की झाडावर जाऊन बसायचं. नेमेसिओच्या कोंबड्या कडू संत्र्याच्या झाडावर बसत. त्याने बुंध्याला पत्र्याचा रुंद पट्टा ठोकला होता. रात्री हिंडणाऱ्या जनावराची नखं पत्र्यावर घसरतात आणि ते वर जाऊ शकत नाही. पण मग कोंबड्यांनी कसं चढायचं? म्हणून मी. संध्याकाळी मला झाडाला टेकवायचं, शेवटची कोंबडी फांदीवर गेली की मला गवतात आडवं करायचं आणि उजाडलं की पुन्हा उभं करायचं. माझं निम्मं काम उभं राहण्याचं आणि निम्मं आडवं पडण्याचं.

नेमेसिओ वारल्यावर हे काम त्याच्या बायकोकडे, देओलिंडाबाईकडे आलं. सात वर्षं तिने एक दिवस चुकवला नाही. नऊ कोंबड्या होत्या. मूलबाळ नसलेल्या त्या घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ती कोंबड्यांशीच बोले आणि त्यांना शिव्याही मनापासून देई. कुंपणापलीकडे सेबास्तियाना राहायची. तिच्या थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी देओलिंडाबाईने हातात धरलं होतं, म्हणून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. रोज सकाळी दोघी माझ्याजवळ बसून येर्बाच्या पानांचा कढत काढा भोपळ्याच्या पेल्यातून एकाच नळीने आळीपाळीने पीत आणि साऱ्या गावाची हजेरी घेत.

एकदा गावात कुणाच्या तरी मृत्यूनंतरची नऊ दिवसांची प्रार्थना होती. दोघी तिथून अंधार पडल्यावर परतल्या. देओलिंडाबाई दमली होती, ती सरळ घरात गेली. मी झाडाला टेकलेलीच राहिले. त्या रात्री माझ्या खाचांवरून चार पाय चढले. कोंबडीचे नव्हते ते. मांजराएवढं, लांब तोंडाचं, बिनकेसांच्या शेपटीचं जनावर होतं. आमच्याकडे त्याला मिकुरे म्हणतात. मला ओरडता आलं नाही. पायरीला कोण चढतंय ते विचारता येत नाही, मित्रांनो.

सकाळी कोंबड्या आठ.

"शिडी उभी कशी?" देओलिंडाबाई माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मी आडवी केली होती. याच हातांनी!"

ती खोटं बोलत नव्हती. रोजचं काम एखाद्या दिवशी राहून गेलं तरी हाताला वाटतं, आपण ते केलंच.

"मग उभी कुणी केली?" सेबास्तियानाने विचारलं.

"ते तू मला विचारतेस? काल वाटेत शीळ कुणी घातली? रात्रीची शीळ म्हणजे त्याला आवतण!"

"अगं बाई, मी कुत्र्याला हाक मारली!"

"आला की तो! पण कुत्रा नाही आला."

'तो' म्हणजे रातीचा धनी. बुटका, केसाळ, शीळ घालत रानात हिंडणारा. त्याचं खरं नाव कुणी मोठ्याने घेत नाही, मीही घेणार नाही. तो रागावला की जनावरं सोडून देतो, कोंबड्या नेतो. राजी ठेवायचा तर त्याला मध आणि चिरूट ठेवावा लागतो. सेबास्तियाना काढा अर्धा टाकून उठली आणि दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही.

इकडे देओलिंडाबाईने वाटीभर मध काढला. जमिनीवर ठेवला तर मुंग्या लागतील, म्हणून माझ्या माथ्यावरच्या सपाट खाचेत ठेवला. शेजारी चिरूट. आणि धन्याने शिडी स्वतः उभी केली म्हणजे त्याला ती उभीच हवी, असा तिने हिशेब केला. मला आडवं करायचं तिने सोडून दिलं.

सकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख. कोंबड्या सात.

तिला वाटलं, मध कमी पडला. तिने वाटी बदलून वाडगा ठेवला. नंतर सहा उरल्या, मग पाच, मग चार. मागे चार पिसं तेवढी सापडत. मध देऊनही धनी निवत नाही म्हणून देओलिंडाबाई सुकत चालली. सकाळी ती एकटीच काढा पिई आणि सवयीने पेला उजवीकडे पुढे करी. तिथे कुणी नसे. ते बघून मला फार वाईट वाटे.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तिने चारही कोंबड्यांचे पाय बांधायला घेतले. त्यांतली ठिपकी खुडूक बसायच्या बेतात होती, ती जास्तच कलकलली. कुंपणापलीकडून सेबास्तियानाला राहवेना.

"कुठे निघालीस?"

"बहिणीकडे. या तिथे तरी जगतील."

"आणि तू?"

"मला कोण नेतंय? धन्याला म्हातारीचं काय करायचंय!" म्हणाली आणि तिचा आवाज फाटला.

सेबास्तियाना कुंपण ओलांडून आली. आधी माझ्या माथ्यावरच्या वाडग्यात डोकावली, मग शेजारच्या चिरुटांकडे बघितलं. पाच होते. सुकलेले, जसेच्या तसे.

"कोमाद्रे, हा मध चाटूनपुसून खातो आणि चिरुटाला हात लावत नाही? चिरूट न ओढणारा धनी कधी ऐकलास?"

देओलिंडाबाईने हातातली दोरी खाली ठेवली.

सेबास्तियानाने माझ्या खाचांवरून बोट फिरवलं, नेमेसिओ फिरवायचा तसं. मधाने चिकटलेले राखाडी राठ केस बोटाला आले. खाचेच्या कडेला नखांचे ओरखडे होते. तिने केस देओलिंडाबाईच्या तळहातावर ठेवले.

"धनी केसाळ असतो म्हणतात. पण याला शेपूटपण असणार बघ."

देओलिंडाबाई बांधलेल्या कोंबड्यांशेजारी मातीतच बसली. "मिकुरे," ती म्हणाली. "म्हणजे मीच त्याला रोज ताट वाढलं. वर चढायला शिडी दिली." मग हळूच म्हणाली, "त्या रात्री मी शिडी आडवी केलीच नव्हती गं. आणि तुला नको ते बोलले."

"बोललीस खरी," सेबास्तियाना म्हणाली. "जा, पाणी तापव. तीन आठवडे एकटीने काढा पिऊन माझी जीभ गंजली."

त्या संध्याकाळी मी पुन्हा गवतात आडवी झाले. पाठीला ओल लागली आणि किती बरं वाटलं म्हणून सांगू! पत्र्यावर नखं खरवडल्याचा आवाज रात्री आला, पण सकाळी कोंबड्या चारच्या चार होत्या. ठिपकीखाली सेबास्तियानाने आपल्याकडची अकरा अंडी उबवायला ठेवली.

धन्याचा मध आजही ठेवतात, पण लांब, वेशीजवळच्या दगडावर. उगाच वैर कशाला? तिथला चिरूट हल्ली नेमाने नाहीसा होतो आणि त्या दिवशी सेबास्तियानाच्या अंगणातून धूर येतो. मी कुणाला सांगितलेलं नाही.

माझ्या तीन खाचा आता झिजल्या आहेत, बुडाला वाळवी लागली आहे. मित्रांनो, माझं एवढंच ऐका. शिडी उभी करणारे पुष्कळ भेटतात, काम झाल्यावर ती आठवणीने आडवी करणारं माणूस लागतं. आणि माणूस विसरतं. म्हणून अंधार पडला की रोज कुंपणापलीकडून हाक येते, "कोमाद्रे, शिडी?"

"आडवी!" देओलिंडाबाई ओरडते.

गेल्या हिवाळ्यात एकदा उत्तर आलं नाही. सेबास्तियानाने दुसरी हाक मारली नाही, ती पायात चप्पल न घालता धावत आली. देओलिंडाबाई तापाने फणफणून खाटेवर पडली होती. सेबास्तियानाने तिच्या कपाळावर ओला कपडा ठेवला, बाहेर येऊन मला गवतात निजवलं आणि मग रात्रभर तिच्या उशाशी बसून राहिली.