निवडुंगाचं रक्त

निवडुंगाला रक्त फुटलं, ही बातमी धाड गावच्या बाजारात पोचली आणि तिसऱ्या दिवशी मरीमायच्या ठाण्यापुढे पाय ठेवायला जागा उरली नाही. चालती औतं सोडून माणसं वावरातून आडवी पळत आली. ठाण्याभोवती फड्या निवडुंगाचं पुरुषभर उंच कुंपण होतं आणि त्याच्यापुढे भगवी कफनी घातलेले काटेमहाराज उभे होते.

महाराजांनी आधी उकंडराव पाटलांना एक हिरवागार फडा दाबायला लावला. पाण्यासारखा रस आला. मग झोळीतली चिमूटभर विभूती त्याच फड्यावर टाकून ते गरजले, "काटा बोले, माय डोले!" आणि अंगठा घासला. अंगठ्याखालून लालभडक ओघळ निघाला. बाया किंचाळल्या. पाटलांनी पायातली पायतणं काढली.

"धाडला रक्त आलं, रोहिणखेडला आलं, आता तुमच्या दारी आलं!" महाराज थरथरत म्हणाले. "मायच्या अंगाला पांढरी बुरशी लागली आहे. डब्यांत जीव कोंडणारी एक बाई या गावात आहे. ती शिवेबाहेर गेली तर माय शांत होईल. नाहीतर घरटी एक लेकरू मागेल!"

नाव घ्यायची गरजच पडली नाही. सगळ्या माना गोजरबाईकडे वळल्या.

गोजरबाई नाल्याकाठच्या मळ्यात वांगी-मिरच्या पिकवणारी विधवा. वर्षभरापूर्वी शेतकी खात्याचे नारायणराव जाळी आणि काचेच्या बाटल्या घेऊन तिच्या मळ्यात आले होते. कोणत्या गावात, कोणत्या झाडावर, कोणता किडा सापडतो, याची जिल्ह्याची यादी ते करत होते. जाताना त्यांनी तिच्याजवळ रिकाम्या काडेपेट्या ठेवल्या. गोजरबाईला लिहिता येत नव्हतं. म्हणून ती पेटीत किड्यासोबत तो ज्या झाडावर सापडला त्याचं पानही ठेवायची. नारायणराव दर दोन महिन्यांनी येत, पानं ओळखत आणि वहीत उतरवून घेत. आपण धरलेल्या किड्यांना सरकारी वहीत जागा मिळते, याचं तिला मोठं अप्रूप होतं.

"उद्या दुपारपर्यंत मळा सोड, गोजरबाई," पाटील तिच्याकडे न बघता म्हणाले. शेजारच्या शालूबाईनं आपलं लेकरू पदराआड ओढलं. त्या लेकराचा गोवर गोजरबाईनं मांडीवर काढला होता. तेवढं मात्र तिला फार लागलं.

मळ्यात येऊन ती विहिरीकाठी, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर बसली. नारायणराव दूर जळगाव जामोदच्या बाजूला फिरत होते. त्यांची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. पण तो लाल रंग तिच्या ओळखीचा होता. निवडुंगावरचा पांढरा किडा पेटीत भरताना तिची बोटं कितीदा तशीच रंगली होती. अडत होतं ते एकाच ठिकाणी. पाटलांनी दाबलेला फडा स्वच्छ हिरवा होता, त्यावर किडा नव्हता. मग रक्त आलं कुठून? फड्यावर वरून पडली होती ती फक्त राख.

सकाळी ती लोटाभर पाणी आणि पानात चुलीतली राख घेऊन ठाण्यावर गेली. तिथे कालचीच गर्दी जमली होती.

"पाटील, गाठोडं बांधून ठेवलं हाय. पन मायचा हुकूम मले माया डोयानं पाहू द्या. महाराज, हात धुवा."

"माझे हात? ते गंगेहून पवित्र आहेत!"

"मंग लोटाभर पान्यानं काय बिघडते त्याईचं?"

मागं कोणीतरी फिसकन हसलं. पाटील ओशाळून म्हणाले, "धुवून टाका ना महाराज. बाई गप बसते."

महाराजांनी हात धुतले. गोजरबाईनं राख पुढे केली. "आता ही घ्या."

"त्या राखेत मंत्र नाही, मूर्ख बाई!"

"मंत्र तुमच्या तोंडात हाय का झोळीत, ते एकदा ठरवा."

आता माघार घेता येईना. महाराज ओरडले, घासले, पुन्हा घासले. फड्यातून नुसतं पाणी आलं.

"पाटील, त्याईची झोळी उपडी करा."

पाटलांनी उपरण्यावर राख ओतली. राखेत ज्वारीच्या दाण्याएवढे मळकट पुंजके होते. त्यांनी एक चिमटला आणि हात झटकला. बोटं लालभडक झाली होती.

"भिऊ नका, किडा हाय. निवडुंगाचा रस पेते, आंगावर कापूस पांघरते, पोटात लाल." ती शेजारच्या कोंडवाड्यामागच्या निवडुंगाकडे गेली, पांढरा पुंजका उचलला आणि सगळ्यांसमोर तळहातावर चिरडला. "पाहा! मरीमाय काय कोंडवाड्यामांगं शेनातबी राह्यते?"

काटेमहाराज गर्दीच्या कडेकडेनं सरकत होते. गोजरबाईनं आवाज चढवला. "हा किडा आधी धाडले दिसला, मंग रोहिणखेडले. नारायणरावाच्या वहीत तारखा हायत, त्याईनंच मले सांगतल्या. किडा पुढं चालून राह्यला अन् याचा चमत्कार मांगं! जळगाव जामोदले किडा नाई, तं तिथं मायले रक्तबी नाई! मले हा किडा ठाऊक, म्हनून मलेच हाकलाले निघाला!"

महाराज धूम पळाले. झोळी उपरण्यावरच राहिली.

"जाऊ दे, गोजरबाई," पाटील पुटपुटले. "चूक झाली. मळ्यात जा तू आपल्या."

"मळा तं मायाच हाय, मी जाईनच. पन पाटील, काल तुमी सारे उभे होते. एकानं तरी इचारलं का, काऊन, कशापायी? उद्या दुसरा येईन, दुसऱ्या बाईकडं बोट दाखवीन. तवा इचारसान?"

शेवटी शालूबाई पुढं आली. तिचे डोळे भरले होते. "हाव, माय. मी इचारीन."

त्या गावात त्यानंतर निवडुंग वाळून गेले. किड्यानं ते खाऊन टाकले. कोणाचं लेकरू दगावलं नाही, की माय कोपली नाही.

वाचकहो, चमत्कार दिसला तर जरूर पाहा, पण पाहताना आपली बुद्धी चपलांसोबत बाहेर काढून ठेवू नका. हातात काय आहे, झोळीत काय आहे, हे विचारा. देव असेल तर तो प्रश्नाला भिणार नाही. आणि एका बाईला गावाबाहेर हाकलायला सांगणारा कोणीही असो, त्याला तर आधी विचारा.